सवाई माधवराव: पुरंदरावरचं बाळंतपण, मुलगा-मुलगी आणि दिवस भरण्याचा हिशोब

सातवा महिना लागला की गरोदर बाईच्या घरची मोठी माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. मुलगा असेल तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण होतं का? आणि सातव्या महिन्यातलं बाळ जगतं पण आठव्यातलं जगत नाही, हे खरं का? पहिल्याचं उत्तर थोडंसं हो असं आहे, दुसऱ्याचं साफ नाही. पण पहिल्या प्रश्नामागे बऱ्याचदा एक तिसरा प्रश्न लपलेला असतो. पोटात मुलगा आहे की मुलगी? तो कुणी उघड विचारत नाही, कारण गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

हे समजावून सांगताना मला एक जुनं बाळंतपण आठवतं. त्यात बाळ मुलगा आहे की मुलगी यावर अख्खं राज्य टांगलेलं होतं आणि ते कधी जन्मलं याचा हिशोब शत्रूसुद्धा मांडत होते. ते बाळ म्हणजे सवाई माधवराव पेशवे. गोष्ट पुण्याची आणि पुरंदरची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातली निम्मी माणसं आपल्या सातारा-सांगलीकडची आहेत.

खुनाच्या दिवशी आई किती आठवड्यांची गरोदर होती?

30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. नारायणराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्यांची आई गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची लेक. तिचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला होता, दुसरा माधवराव क्षयाने गेला होता, आणि आता हा तिसराही गेला. गादीवर नारायणरावांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, बसले. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि दरबार सोडला.

नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. मुलगा झाला तर राघोबादादांचा हक्क संपणार होता, मुलगी झाली तर तो पक्का होणार होता. हे ओळखून काही मुत्सद्दी एकत्र आले आणि त्यांचं बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं. सखारामबापू बोकील, हरिपंत फडके ही त्यातली मोठी नावं. पण खरा सूत्रधार म्हणजे साताऱ्यात जन्मलेले नाना फडणवीस. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर त्यांचा वाडा आजही उभा आहे. मिरजेकडचे पटवर्धनही याच बाजूला आले. राघोबादादा फौजेबरोबर बाहेर असताना, 30 जानेवारी 1774 ला, गंगाबाईंना पुण्याहून पुरंदर किल्ल्यावर हलवण्यात आलं. सोबतीला पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंची, चढाची वाट आणि पोटात सहा-सात महिन्यांचं बाळ. आज कुणी विचारलं तर मी असा प्रवास करू देणार नाही, पण तिथे पुण्यात राहणं जास्त धोक्याचं होतं.

18 एप्रिल 1774 ला गंगाबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला.

आता डॉक्टरी हिशोब. नारायणरावांच्या खुनापासून या जन्मापर्यंत 231 दिवस होतात, म्हणजे बरोबर 33 आठवडे. गरोदरपण आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो आणि पूर्ण दिवस 280 धरतो, म्हणजे 40 आठवडे. प्रत्यक्ष गर्भ मात्र पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. बाळ पूर्ण दिवसांचं असेल, तर शेवटची पाळी 12 जुलै 1773 च्या सुमाराला आली असणार आणि खुनाच्या दिवशी गंगाबाईंना आजच्या मोजणीने सात आठवडे झाले असणार. एखादी पाळी चुकलेली, थोडी मळमळ, एवढीच खूण. पोट दिसायला अजून बराच अवकाश होता. दुसरं टोक बघू. गर्भ अगदी खुनाच्या आदल्या एक-दोन दिवसांत राहिला असं धरलं, तरी जन्माच्या वेळी आजच्या मोजणीने 35 आठवडे भरलेले होते. म्हणजे बाळ जास्तीत जास्त पाच आठवडे लवकर आलं असेल.

हा हिशोब महत्त्वाचा होता, कारण राघोबादादांच्या बाजूने या बाळाच्या जन्माबद्दल शंका पसरवली गेली. मूल नारायणरावांचं नाहीच, अशी कुजबुज झाली. दुसरी अफवा आणखी विचित्र होती. गंगाबाईंबरोबर आणखी काही गरोदर ब्राह्मण बायका गडावर ठेवल्या आहेत, म्हणजे गंगाबाईंना मुलगी झाली तर दुसरीचा मुलगा तिच्या कुशीत ठेवता येईल. पुढे साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यातही ही अफवा आली आहे. तारखांकडे पाहिलं तर पहिल्या शंकेला आधार सापडत नाही. पूर्ण दिवसांचं बाळ घ्या किंवा थोडं लवकर आलेलं घ्या, दोन्ही हिशोब नारायणरावांच्या हयातीतच बसतात. दुसऱ्या अफवेतून त्या काळाची मनःस्थिती मात्र दिसते. गडावरच्या प्रत्येकाला पोटातल्या बाळाचं लिंग हवं होतं.

मुलगा असला तर खरंच लवकर होतो का?

37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेला जन्म म्हणजे वेळेआधीचा जन्म. जगात साधारण दहातलं एक बाळ असं जन्मतं. भारतात अशी बाळं वर्षाला सुमारे 30 लाख, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त.

यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्त असतं, हे अनेक देशांच्या नोंदींत दिसलं आहे. ढोबळ मानाने हा फरक दहा ते पंधरा टक्क्यांचा. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, म्हणून तो उलगडून सांगतो. हजार मुलींपैकी शंभर वेळेआधी जन्मत असतील, तर हजार मुलग्यांपैकी एकशे दहा ते एकशे पंधरा. म्हणजे हजारात दहा-पंधरा बाळांचा फरक. दोन्हीकडे बहुतेक बाळं पूर्ण दिवसांचीच होतात.

कारण एकच नाही. मुलग्याची वाढ पोटात थोडी वेगाने होते. वेळेआधी जन्मलेल्या मुलग्यांच्या वारेमध्ये सूज आणि दाह जास्त वेळा आढळतो, आणि कळा येण्याआधी पाणी जाण्याचे प्रसंगही मुलग्यांच्या बाबतीत जास्त घडतात. याला अपवादही आहेत. आईचं ब्लडप्रेशर वाढल्यामुळे खूप लवकर बाळंतपण करावं लागतं, अशा बायकांमध्ये मुलीचं प्रमाण जास्त आढळलं आहे. म्हणून मुलगा म्हणजे लवकर आणि मुलगी म्हणजे वेळेवर, असं सरळ समीकरण मांडता येत नाही.

आईवर मोठा आघात झाला तर वेळेआधीच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो. आणि मोठ्या आपत्तीनंतरच्या काही महिन्यांत मुलग्यांचे जन्म किंचित कमी झाल्याचंही काही देशांत दिसलं आहे. कठीण काळात मुलग्याचा गर्भ जरा जास्त नाजूक ठरतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. नवऱ्याचा खून, मग किल्ल्यावर नजरकैदेसारखं राहणं, खाली लढाया सुरू, त्यात पंढरपूरजवळ कासेगावला त्र्यंबकमामा पेठे पडल्याची बातमी. असं असूनही गंगाबाईंचा गर्भ टिकला, आणि तो मुलगा होता.

खरा फरक जन्मानंतर दिसतो. एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलगा आणि मुलगी यांच्यात मुलाची फुप्फुसं साधारण आठवडाभर मागे असतात. फुप्फुसातले फुगे उघडे ठेवणारा स्निग्ध पदार्थ मुलग्यात उशिरा तयार होतो. म्हणून वेळेआधी झालेल्या मुलग्याला श्वासाचा त्रास जास्त होतो, काचेच्या पेटीत आणि ऑक्सिजनवर तो जास्त दिवस राहतो. मुलीला निसर्गानेच थोडी जास्त ताकद दिलेली असते.

ती ताकद आपल्याकडे बऱ्याचदा वाया जाते. सरकारी नवजात अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या बाळांत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमी असते. मुलगे थोडे जास्त आजारी पडतात हे धरूनही हा फरक पूर्ण समजावता येत नाही. आजारी मुलीला घेऊन घरचे उशिरा निघतात, किंवा निघतच नाहीत. आपल्याच सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये नकुशी नावाच्या पावणेतीनशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यावी लागली. 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले 19 स्त्रीभ्रूण सापडले. पुरंदरावरची ती अफवा मला अडीचशे वर्षं जुनी वाटत नाही, याचं कारण हे आहे.

चाळीस दिवसांचा पेशवा

बाळाचं नाव माधवराव ठेवलं. कर्तबगार काकांचं नाव, आणि त्यांच्याहून सवाई व्हावा म्हणून मागे सवाई लागलं. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं आली आणि चाळीसाव्या दिवशी, 28 मे 1774 ला, ते पाळण्यातच पेशवे झाले. या वयात बाळ नुकतं आईकडे बघून हसायला लागलेलं असतं. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. त्यातून सुरू झालेलं युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं.

राघोबादादांच्या घरीही पाळणे हलत होते. 10 जानेवारी 1775 ला आनंदीबाईंना धारला मुलगा झाला, तोच पुढचा दुसरा बाजीराव. आणि गंमत अशी, की 1783 च्या डिसेंबरात राघोबादादा वारले तेव्हा आनंदीबाईही गरोदर होत्या. चिमाजीअप्पा बापाच्या मृत्यूनंतर जन्मले. त्यांच्या जन्मावर कुणी कुजबुज केली नाही, कारण तेव्हा कुणाची गादी त्यावर अवलंबून नव्हती.

गंगाबाईंचं पुढे काय झालं? मुलगा तीन वर्षांचा असताना, 1777 मध्ये, त्या पुरंदरावरच गेल्या. बारभाईंच्या कारस्थानावर इतिहासात पानंच्या पानं आहेत. ज्या बाईच्या पोटावर ते कारस्थान उभं होतं, तिच्यासाठी दोन-चार ओळी. मुलगा झाला आणि सगळ्यांच्या नजरा आईवरून पाळण्याकडे वळल्या. आजही बाळंतपणानंतर हेच होतं. बाळाचा डोस, बाळाचं वजन, बाळाची कावीळ सगळं विचारलं जातं. आईला चक्कर येते, अंगावरून जास्त जातं, ताप आहे, हे शेवटी कुणीतरी सहज सांगतं.

सवाई माधवराव नानांच्या देखरेखीखाली वाढले. शिक्षण, घोडेस्वारी, कारभाराचे धडे सगळं होतं, मोकळीक नव्हती. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं हे नाना ठरवत. इतक्या जिवावर उदार होऊन वाचवलेलं मूल जन्मभर काचेच्या पेटीतच राहिलं, असं मला वाटतं. वेळेआधी झालेल्या मुलांच्या आईवडिलांत ही भीती मी पाहतो. मूल सहा वर्षांचं होऊन धावायला लागलं तरी त्याला ऊन नको, माती नको. पेटीतून बाहेर आलेल्या आणि वजन धरलेल्या बाळाला इतर मुलांसारखंच वाढू द्यायचं असतं. फक्त डोळ्यांची, कानांची आणि वाढीची तपासणी वेळेवर करायची.

1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. मराठी फौजांचं नेतृत्व तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतं. तासगावचं गणपतीचं देऊळ आणि त्याचं उंच गोपूर त्यांनीच उभारलं. सगळे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली लढल्याची ती शेवटची वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तापाने बेजार असताना, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि 27 ऑक्टोबरला वारले. वय एकवीस. तोल गेला की त्यांनीच उडी टाकली, यावर तेव्हापासून वाद आहे. तापातल्या भ्रमात माणूस काय करतो हे पाहिलेला डॉक्टर या वादात पडत नाही. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे बरीच उलथापालथ होऊन 1796 च्या डिसेंबरात गादी गेली ती राघोबादादांच्याच मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे. 1818 मध्ये पेशवाई संपली तीही त्याच्याच हातून.

मग तुम्ही कशाचा हिशोब ठेवायचा?

लिंगाचा नाही. ते कळून आमच्या उपचारात काहीही बदलत नाही. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर मुलाला आणि मुलीला उपचार एकच. आणि एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण अजूनही सुनेला दोष दिला जातो. बाळाचं लिंग वडिलांकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आईवर नाही.

हिशोब ठेवायचा तो तारखेचा. शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून घ्या. उशिरा केलेल्या सोनोग्राफीत दिवसांचा अंदाज चुकतो. मग बाळ लहान आहे की लवकर आलंय, हेच कळत नाही.

धोका खरा वाढतो तो अशा वेळी: आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असेल, जुळी असतील, आईचं वय अठराच्या आत असेल, रक्त कमी असेल, ब्लडप्रेशर वाढलं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, आधीच्या बाळंतपणाला फार थोडे दिवस झाले असतील. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, मिशरी. दात घासायला म्हणून दिवसातून चार वेळा लावलेली मिशरी म्हणजे तंबाखूच. बायका तिला व्यसन मानत नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. उसाच्या फडात शेवटच्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलणाऱ्या बाईलाही विश्रांती लागते. ती मिळणं तिच्या हातात नसतं हे मला माहीत आहे, म्हणून हे तिच्या घरच्यांना सांगतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा परिणाम बाळाच्या लिंगापेक्षा मोठा आहे.

आणि तो आठव्या महिन्याचा समज. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त जगतं, आणि नवव्यातलं आठव्यातल्यापेक्षा. पोटातला प्रत्येक आठवडा फायद्याचाच असतो. या समजापायी आठव्या महिन्यात कळा आल्यावर लोक आशा सोडून घरी थांबतात, म्हणून तो घातक आहे. 34 आठवड्यांनंतर जन्मलेलं बाळ नीट ऊब, आईचं दूध आणि थोडी देखरेख मिळाली तर बहुतेक वेळा सुखरूप राहतं. पुरंदरावर यातलं काय होतं? ऊब आणि दूध. आज त्याहून लवकर झालेल्या बाळांसाठीही बरंच काही आहे. 34 आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं, तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. जन्मानंतर बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, हा लहान बाळांसाठी अतिशय परिणामकारक उपाय आहे. आई थकली तर वडील किंवा आजीही बाळाला असं धरू शकतात.

37 आठवड्यांच्या आत पोट थांबून थांबून ठरावीक वेळाने कडक होत असेल, कंबर सतत दुखत असेल, खाली दाब जाणवत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 102 किंवा 108 ला फोन करा. गाडीत बसताना शेवटच्या पाळीची तारीख, सोनोग्राफीचा पहिला रिपोर्ट आणि आईचं कार्ड बरोबर घ्या. दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न किती आठवडे झाले हाच असेल.